बाबांचा टॅब आणि दोन सेकंद

त्या टॅबचे जेवढे म्हणून रिव्ह्यू सापडले तेवढे मी बघितले, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: घेऊ नका. मागच्या मॉडेलपेक्षा यात नवीन असं काही नाही. स्क्रीन तोच, कॅमेरा तोच, दिसायलाही तसाच. आतली चिप जराशी बदलली आहे, मेमरी थोडी वाढवली आहे, स्पीकर एकाऐवजी दोन दिले आहेत. जुना असेल तर तोच वापरा, असं सांगून ती मंडळी हसत हसत निरोप घ्यायची. खरेदीच्या बाबतीत मी मुळातच चिकट. नवा मिक्सर घ्यायला निघाले तर तीन दुकानदारांच्या नाकी नऊ आणते आणि शेवटी जुन्याचंच भांडं दुरुस्त करून घरी येते. त्यामुळे ‘घेऊ नका’ म्हणणारी माणसं मला एरवी फार शहाणी वाटतात. या वेळी मात्र मला त्यांचा राग येत होता. त्यांनी त्या टॅबवर गेम खेळून बघितले होते, सिनेमे लावून बघितले होते, पण माझं काम एकानेही करून बघितलं नव्हतं. मला त्या टॅबवर माझ्या बाबांना बोलतं करायचं होतं.

बाबा लालबागचे. चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची खोली, तिथेच मी वाढले. बाबा आधी गिरणीत होते, गिरणी गेल्यावर फोर्टमधल्या एका इमारतीत लिफ्टमन झाले. ही नोकरी त्यांना गिरणीपेक्षा आवडली, कारण गिरणीत मशीनच्या आवाजात बोलता यायचं नाही आणि इथे दिवसभर नवीन माणूस मिळायचा. चौथा मजला येईपर्यंत ते समोरच्याचं गाव विचारून घेत, आणि गाव कोकणातलं निघालं तर त्याला उतरूच देत नसत. घरी आले की जेवताना त्या सगळ्यांच्या नकला. आणि रविवारी दुपारी गॅलरीत मेंढीकोट. चौघे जण, दोन-दोनच्या जोड्या, आणि पत्त्यांपेक्षा तोंडं जास्त चालायची. बाबांचे कायमचे जोडीदार म्हणजे शेजारच्या खोलीतले काका. बाबांच्याच गावचे, बाबांच्याच गिरणीतले, आणि शिव्या देण्यात बाबांच्या एक पाऊल पुढे.

मागच्या वर्षी बाबांना झटका आला. उजवा हात गेला, पाय थोडा वाचला, आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. बातम्या बघताना योग्य जागी चिडायचे, आईच्या भाजीत मीठ कमी असलं की बोटाने ताट सरकवायचे. पण तोंडातून शब्द एकच यायचा: ‘मगे’. मालवणीत मगे म्हणजे मग. पाणी हवं तरी मगे, राग आला तरी मगे, मी आले की आनंदाने मगे. आधी आधी आम्ही त्या शब्दाचे अर्थ लावत बसायचो. मग त्यांनाच त्याचा कंटाळा आला.

परळच्या हॉस्पिटलात बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की अशी माणसं हळूहळू प्रयत्नच सोडतात, गप्प राहायची सवय लागते, आणि ती एकदा लागली की मोडणं फार अवघड. त्यांनी एक ॲप सुचवलं. स्क्रीनवर चित्रांचे चौकोन असतात, पाण्याच्या ग्लासावर बोट ठेवलं की टॅब बोलतो, आणि प्रत्येक चित्रासाठी आपल्या आवाजात वाक्य रेकॉर्ड करता येतं. बाबांचा डावा हात थरथरतो, तेव्हा फोन नको, मोठा स्क्रीन घ्या, असंही त्या म्हणाल्या. आमच्याकडे टॅब होता. लॉकडाऊनमध्ये मुलीची शाळा घरी भरायची तेव्हा घेतलेला, तेव्हाही स्वस्तातलाच. मी तो पुसून घेतला, एका संध्याकाळी दार लावून बसले आणि चाळीस-पन्नास वाक्यं रेकॉर्ड केली. मला पाणी हवं आहे. मला चहा हवा आहे. मला जरा बाहेर बसायचं आहे. स्वच्छ, सावकाश, एकेक अक्षर नीट. मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

बाबांनी दोन दिवस तो वापरला. बोट ठेवायचे, टॅब विचार करत बसायचा. त्यांना वाटायचं आपलं बोट लागलं नाही, म्हणून परत दाबायचे. परत. मग एकदम पाठोपाठ तीन वेळा: मला पाणी हवं आहे, मला पाणी हवं आहे, मला पाणी हवं आहे. आई धावत तांब्या घेऊन यायची आणि बाबा ओशाळून भिंतीकडे तोंड करायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी टॅब डाव्या हाताने पलंगाच्या कडेला ढकलून दिला. त्या रविवारी काका झटक्यानंतर पहिल्यांदाच पत्ते घेऊन आले, तर बाबांनी मान हलवून नाही म्हटलं. गॅलरीतला डाव बंदच राहिला. आईने मला फोनवर एवढंच सांगितलं, “घरात माणूस आसा नि घर गप आसा.” ती कधी रडत नाही, त्या दिवशीही रडली नाही, पण मला ऑफिसात पुढचं काम सुचेना.

म्हणून मी रिव्ह्यू बघायला लागले होते. नवऱ्याने माझ्या खांद्यावरून बघून सांगितलं, “अगं, हा तोच टॅब आहे. नवीन डब्यात घालून दिलाय.” माझं सासर गिरगावातलं, खोताच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावर, आणि तिथे सगळेच असं नीट आणि थोडक्यात बोलतात. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. याहून चांगला घ्यायचा तर आमच्या आवाक्याबाहेर जात होता. तेव्हा प्रश्न एवढाच की हा जरासा सुधारलेला टॅब घ्यावा की आहे त्याच्यावर भागवावं. शेवटी मी जुना टॅब पिशवीत घालून ग्रँट रोडच्या एका दुकानात गेले. सेल्समनने नव्यावर गाड्यांचा गेम लावला आणि म्हणाला, “मॅडम, बघा, एकदम मक्खन.” मी म्हटलं, मक्खन राहू दे, यात हे ॲप टाका. त्याला काही कळेना, पण टाकलं बिचाऱ्याने. मग दोन्ही टॅब काउंटरवर शेजारी शेजारी ठेवून मी दोन हातांची दोन बोटं एकदम पाण्याच्या ग्लासावर ठेवली. नवा लगेच बोलला. जुना बोलेपर्यंत मी मनात एक, दोन म्हणू शकले. पाच-सहा वेळा केलं, तेवढाच फरक. मागे उभी असलेली गिऱ्हाइकं बघत होती. दोन सेकंदांसाठी नवा टॅब घ्यायचा, हे मलाच वेड्यासारखं वाटलं. तरी घेतला.

रेकॉर्ड केलेली वाक्यं नव्यात घेतली आणि रविवारी तो लालबागला नेऊन दिला. आईने त्याला हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं, आणि बाबांच्या हातात दिला. बाबांनी एकदा बोट ठेवलं, तो बोलला, बाबांनी आमच्याकडे बघितलं आणि टॅब खाली ठेवला. सवय होईल हळूहळू, असं म्हणून मी घरी आले. बुधवारी ऑफिसातून परस्पर गेले तर टॅब कुठे दिसेना. आईने लोखंडी कपाट उघडलं. साड्यांच्या खाली, डब्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर. “हाताळून हाताळून खराब जायत ता,” ती म्हणाली. आमच्या घरात टीव्हीचा रिमोट आजही प्लास्टिकमध्येच आहे, त्यामुळे मला नवल वाटायला नको होतं. पण मी संतापले. बाबांसाठी आणलेली वस्तू बाबांपासूनच जपून काय ठेवायची, म्हणून वाटेल तसं बोलले. आईने ऐकून घेतलं, आणि मग म्हणाली, “मी दोन दिवस भायर ठेवलंलय. ते बगूकच नाय. म्हणान ठेवलंय.”

तेव्हा मात्र मी हात टेकले. दोन सेकंदांचा दोष नव्हता तर. बाबांनाच बोलायचं नव्हतं. सगळे रिव्ह्यूवाले, नवरा, तो सेल्समन, सगळे बरोबर आणि मी एकटी मूर्ख. मॅडमनी सांगितलेली गप्प राहायची सवय आमच्या घरात येऊन बसली, आणि आता ती मोडायची नाही, असं मला अगदी आतून वाटलं. मी टॅब डब्यातून काढला, चालू केला आणि मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसले. बाबा खिडकीतून खालच्या मसाल्याच्या दुकानाकडे बघत होते. मिरच्या कांडण्याचा ठसका वर येत होता, त्यामुळे डोळ्यांतून पाणी कशाने येतं ते कुणाला कळण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात काका आले. डाव बंद पडला तरी ते रोज एक चक्कर मारायचे. टॅब बघून त्यांनी चष्मा वर केला आणि कुणाला न विचारता चहाच्या कपावर बोट ठेवलं. “मला चहा हवा आहे,” टॅब म्हणाला.

काका दचकले. मग पोट धरून हसायला लागले. “ही कोण बाय बोलता? बँकेतली सायबीण?”

मी म्हटलं, “काका, तो माझा आवाज आहे.”

“तुझो बापूस कधी असा बोललो गो?”

आणि बाबा हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा, अर्ध्या तोंडाने, पण खदखदून. काकांकडे बोट दाखवून, मांडीवर हात आपटून म्हणाले, “मगे! मगे!” म्हणजे, इतके दिवस मी हेच सांगतोय.

आधी मला रागच आला. मी एवढं बसून, घसा कोरडा करून रेकॉर्ड केलेलं. मग लाज वाटली. मी बाबांच्या तोंडी माझं गिरगाव घातलं होतं. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी सासरी ‘खय’ म्हटलं आणि सासूबाई हसल्या. प्रेमानेच हसल्या होत्या, पण मी त्यानंतर ‘कुठे’ म्हणायला लागले. मग ‘आये’ची ‘आई’ झाली. मग लालबागला गेले तरी तशीच बोलू लागले. आई आणि बाबा मालवणीत विचारत, मी शुद्ध मराठीत उत्तर देई, आणि वीस वर्षांत त्यांनी मला कधी टोकलं नाही. रेकॉर्ड करताना मला क्षणभरही वाटलं नाही की बाबा असं बोलत नाहीत. यंत्रात घालायचं म्हणजे नीटच बोललं पाहिजे, असं मी धरून चालले होते. उरलेलं आयुष्य गिरगावच्या सुनेसारखं बोलत काढायचं, तर त्यापेक्षा मगे बरं, असं त्यांना वाटलं असेल तर चूक कुणाची?

काकांनी माझा चेहरा बघितला असावा. म्हणाले, “तू बोललंस तां बराबर. पण तां तुझां बोलणां, ह्येचां न्हय.”

त्या शनिवारी काका दुपारी जेवून आले ते दिवे लागेपर्यंत बसले. मी टॅब धरायचा आणि रेकॉर्डचं बटण दाबायचं, बाबांनी चित्र दाखवायचं, काकांनी बोलायचं, आणि आईने स्वयंपाकाच्या ओट्यापासून चुका काढायच्या. माका पाणी व्हया. माका च्या व्हयी. पंखो बंद कर. काका एकदा बोलत, बाबा मान हलवत नाही म्हणत, काका तेच वाक्य जरा वैतागून बोलत, मग बाबा खूश. त्यांना पाणीसुद्धा वैतागूनच मागायचं होतं, जन्मभर मागत आले तसं. जेवणा-खाण्याचे चौकोन संपल्यावर बाबांनी पत्त्यांच्या जोडाकडे बोट दाखवलं. मग जे काही रेकॉर्ड झालं ते मला इथे सगळं लिहिता येणार नाही. मी म्हटलं, काका, शिव्या नकोत, घरात नात येते. काका म्हणाले, “गाळी नाय तर खेळ कसलो?” आईने ओट्याकडे तोंड करून पदर तोंडाला लावला होता. एका चौकोनासाठी त्या दोघांनी मला बाहेर गॅलरीत पाठवलं. बटण कसं दाबायचं ते काकांना तोवर जमलं होतं. असेल आणखी एखादी शिवी, म्हणून मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. गॅलरीत सतरंजी टाकली, बाबांना खुर्चीत बसवलं. पत्ते एका हातात धरता येईनात, तर आईने कपडे घासायचा ब्रश धुऊन उलटा ठेवला आणि त्याच्या केसांत पत्ते उभे खोचले. चाळीतले आणखी दोघे समोरच्या जोडीला आले. आणि मी टॅब चालू करायला गेले तर तो मेलेला. रात्री चार्जिंगला लावला होता, पण आईची सवय अशी की झोपण्याआधी घरातले सगळे स्विच बंद. त्यात त्याचाही केला. मी कपाळाला हात लावला, नवा चार्जिंगला लावला आणि माझ्या पिशवीतून जुना बाहेर काढला. काकांची वाक्यं मी त्यातही घालून ठेवली होती.

पहिल्या डावात काकांनी हातातलं चांगलं पान फुकट घालवलं. बाबांचे डोळे चमकले. बोट चौकोनावर गेलं. टॅब गप्प. समोरच्या जोडीतल्या एकाने पान टाकून हात उचलला, पुढचं पानही टाकलं, आणि मग टॅब ओरडला, “मेल्या, ह्या काय टाकलंस?” नेमकं तेव्हा बिचाऱ्या समोरच्याने उत्तम पान टाकलं होतं. तो गोंधळून म्हणाला, “मी? मी काय केलं?” सगळे हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. पण बाबा हसले नाहीत. त्यांनी बोट काढून मांडीवर ठेवलं, आणि त्यांचा चेहरा परत भिंतीकडे वळताना मी बघितला.

मला त्या घडीला दुकानातला काउंटर आठवला. एक, दोन. एवढ्याचसाठी मी स्वतःला वेडी म्हटलं होतं. पण बोलणं म्हणजे तरी दुसरं काय असतं? दोन सेकंदांनी दिलेली शिवी चुकीच्या माणसाला लागते. आणि ज्याने दिली त्याच्याकडे सगळे दयेने बघतात. मी आत जाऊन नवा टॅब बघितला. थोडासा भरला होता, एखाद-दोन डावांपुरता. उचलून आणला आणि जुन्याच्या जागी ठेवला.

दोन हात तसेच गेले. बाबा नुसती पानं दाखवत होते, काका ती टाकत होते. मग काकांनी परत घोटाळा केला. मला अजूनही शंका आहे की मुद्दाम केला. पान सतरंजीवर पडतं न पडतं तोच टॅब कडाडला, “मेल्या, ह्या काय टाकलंस? डोळे फुटले काय?” दोन स्पीकर होते ते सत्कारणी लागले, खालच्या मजल्यावरून कुणीतरी वर बघितलं. काकांना त्यांच्याच आवाजात, भर डावात, अगदी बरोबर जागी शिवी बसली होती. मग जो काही हशा उठला! काका टॅबकडे बघून बाबांशी भांडायला लागले, बाबांनी दुसरा चौकोन दाबला, काका आणखी चिडले, बाबांनी आधीचाच परत दाबला. मी दाराच्या चौकटीला टेकले. माझा जीव भांड्यात पडला. आईने आतून विचारलं काय झालं, तर मला सांगता येईना, कारण माझं हसू आणि रडू एकदमच आलं होतं. इतकं हायसं मला डॉक्टरांनी ‘आता धोका नाही’ म्हटलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

आता ऑफिसात कुणी टॅबबद्दल विचारलं तर मी सांगते, तुमच्याकडे जुना असेल आणि तुम्हाला सिनेमे बघायचे असतील तर घेऊ नका. रिव्ह्यूवाल्यांवरचा माझा राग गेला आहे. त्यांच्यापुरतं ते खरंच सांगत होते. जुना टॅब आता आईकडे आहे. ती त्यावर गावाकडच्या जत्रेचे व्हिडिओ बघते, आणि तो अडकला की शांतपणे वाट बघते. नव्याला तिने जुन्या साडीच्या काठाची पिशवी शिवली आहे, पण कपाटात ठेवत नाही.

त्या पहिल्या रविवारी डाव मोडला आणि बाबांना आत पलंगावर आणलं, तेव्हा टॅबची बॅटरी अगदी तळाला गेली होती. मी पर्स उचलली, चपला घातल्या आणि नेहमीसारखं म्हटलं, “बाबा, निघते मी.” आणि वळले. एक पाय उंबऱ्याबाहेर पडला होता, तोच मागून टॅब बोलला. मला गॅलरीत पाठवून रेकॉर्ड केलेला तो चौकोन. आवाज काकांचा, पण त्यात शिवी नव्हती. मी लहान असताना शाळेला निघाले की बाबा जे म्हणायचे तेच, त्याच हळू सुरात:

“चेडवा, येतंय म्हण गो.”

जुन्या टॅबवर हे ऐकू येईपर्यंत मी जिन्यात असते. मी वळले. बाबांचं बोट अजून चौकोनावरच होतं आणि ते माझ्याकडे बघत होते. वीस वर्षांत न उच्चारलेला शब्द तोंडात यायला मलाच जरा वेळ लागला.

“येतंय, बाबा,” मी म्हटलं.

“मगे,” बाबा म्हणाले. या वेळी टॅब न दाबता.